सोफ्यावरचे, खुर्चीवरचे आणि उभे

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं, असं म्हणतात. पोहाणे सर कुठेही गेलेले नाहीत. हिंगणघाटातच आहेत, धडधाकट आहेत, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात असं ऐकते. त्यामुळे माझी तेवढी अडचण नाही. मी त्यांच्याविषयी खरं बोलू शकते.

आठवण निघाली ती माझ्या भाचीमुळे. ती वर्ध्याच्या एका खाजगी शाळेत नव्यानं मुख्याध्यापिका झाली आहे. परवा तिचा फोन आला. "मावशी, काही पालकांनी शाळेला देणगी दिली गं. त्यांचे आभार कसे मानायचे, सांग ना. तू इतकी वर्षं शाळेत काढली."

मी म्हटलं, "सोपं आहे. पोहाणे सर जे जे करायचे, ते ते करू नको."

"कोण पोहाणे सर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाची गोष्ट मी घरात कधी कोणाला सांगितलीच नाही. सांगायला गेलं की मध्ये माझंही नाव येतं, म्हणून नसेल सांगितली.

पोहाणे सर आमच्या संस्थेचे सचिव. शिकवायचे काहीच नाहीत, पण सगळे सर म्हणायचे, कारण तसं म्हटलेलं त्यांना आवडायचं. काळेभोर रंगवलेले केस, क्रीम रंगाची सफारी, वरच्या खिशात कंगवा आणि दोन पेनं. त्यातलं एक चालायचं. त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला दोन कुलपं. परीक्षेचे पेपर साध्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचे, पण त्या कपाटात शाली, श्रीफळं, फेटे, सन्मानचिन्हं आणि प्लास्टिकच्या फुलांचे गुच्छ होते. आम्ही शिक्षिका त्या कपाटाला देव्हारा म्हणायचो. खडू मागायला गेलं की सर म्हणायचे, "कालचा तुकडा नाई का उरला, मॅडम?" आणि बोलता बोलता नव्या शालीवरची धूळ फुंकायचे.

त्यांचं घराणं मूळचं शेतीवालं, पिढ्यान् पिढ्या इथलंच. सरांनी स्वतः वावरात पाय ठेवलेला कोणी पाहिला नव्हता, पण दाखले सगळे वावरातले. "आभार म्हणजे बियाणं होय, मॅडम," ते सांगायचे. "एक पोतं पाह्यजे असन तर मूठभर आधी पेरा लागते." दुसरं आवडतं वाक्य होतं, "ज्याची जेवढी थैली, त्याले तेवढी थाळी." हे ते हसत हसत म्हणायचे आणि समोरचाही हसेपर्यंत थांबायचे.

सरांना दोन भाषा यायच्या. खोलीत बसले की आपली वऱ्हाडी. माइकसमोर गेले की 'ऋणनिर्देश', 'दातृत्व' आणि 'करावयाचा' असले शब्द. माइक चांगला चालू असला तरी दोनदा टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणायचेच. मी मराठीची शिक्षिका, तेव्हा कार्यक्रमाचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलेलं ते कधी तसंच वाचत नसत. मध्येमध्ये स्वतःचं घालायचे.

आणि त्यांच्या डोक्यात आभाराच्या पायऱ्या पक्क्या होत्या. मोठी देणगी म्हणजे स्टेजवर सोफा, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि सरांच्या तोंडून चार मिनिटं. त्याखालचे गादीच्या खुर्चीवर, त्यांना शाल नाही, नुसतं श्रीफळ आणि दोन मिनिटं. त्याहून खालचे मांडवात पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पण खुर्चीला पांढरं कापड आणि मागे बो बांधलेला. उरलेले उभे. म्हणजे नाव पुकारलं की जिथे असाल तिथे उभं राहायचं, हात जोडायचे आणि बसायचं. एकदा एक पालक चुकून सोफ्यावर बसला, तेव्हा सरांनी भर कार्यक्रमात जाऊन त्याला उठवलं. "तुमची खुर्ची तिकडं आहे," म्हणाले. तो बिचारा हसत हसत उठला. त्याची बायको हसली नाही, हे मी पाहिलं.

तुम्हाला वाटेल, बाई उगाच वाढवून सांगते. मग पंख्यांचं ऐका.

आमच्याकडे एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा नातू शिकत होता. शेठनं सगळ्या वर्गांना पंखे दिले. चांगलं काम. वैशाखात हिंगणघाटचं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. आता साधी गोष्ट, पंखे लावा आणि शेठला चहा पाजा. पण सरांनी पेंटर बोलावला आणि प्रत्येक पंख्याच्या तिन्ही पात्यांवर शेठच्या वडिलांचं नाव लाल अक्षरांत लिहून घेतलं. शेठ पाहायला आले. वर्गात पंखे गरगर फिरत होते. शेठनं मान वर केली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "नाव तर दिसतच नाही."

दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. सरांनी त्यावर नियम काढला. फाटकाशी शेठची गाडी दिसली की शिपायानं वर्गावर्गातून धावत जायचं आणि "पंखे बंद!" म्हणून ओरडायचं. मुलांनी सरळ बसायचं, चेहरा हसरा ठेवायचा. एका वर्गात साठ मुलं, वर पत्रा, पंखे थांबलेले, आणि शेठ खाली उभे राहून वडिलांचं नाव वाचतायत. तेही बिचारे धोतराच्या सोग्यानं घाम पुसत होते. एकदा पाचवीतल्या मुलीचा घोळणा फुटला. नाकातून रक्त यायला लागलं. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर सर दारातून म्हणाले, "रुमाल धरा मॅडम तिच्या नाकाले, शेठ चाललेच आता." मी रुमाल धरला. बटण दाबलं नाही. हे माझ्या खात्यावरचं पहिलं.

पत्रांचंही तसंच. ज्यानं देणगी दिली त्याला मुलांच्या हातची पत्रं जायची. मजकूर सरांचा, फळ्यावर मी लिहायची आणि मुलं उतरवायची. 'आपल्या दातृत्वाने आम्ही उपकृत झालो आहोत.' चौथीच्या लेकरांना उपकृत म्हणजे काय ते माहीत नाही, पण अक्षर सुंदर. एकदा एका पालकानं पाण्याचा कूलर दिला. त्याचं हायवेवर टायरचं दुकान होतं. त्यालाही पत्रं लिहायची होती. समीक्षा नावाची एक मुलगी होती चौथीत, तिनं फळ्याकडे पाहिलंच नाही. तिनं लिहिलं, 'काका, पाणी लय थंड आहे. मी दोनदा पिते. घरी जाताना पण पिते.'

सरांनी ते पत्र वाचलं. "दोनदा पिते म्हणजे काय, मॅडम? लोकं म्हणतीन, शाळेतले पोट्टे कूलरच संपवून राह्यले." पत्र त्यांनी टोपलीत टाकलं.

मी ते काढून घेतलं आणि त्या टायरवाल्याच्याच मुलाच्या दप्तरात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माणूस शाळेत हजर. हात काळे, बनियनवर शर्ट नुसता अडकवलेला, दुकान टाकून तसाच आलेला. मला विचारतो, "मॅडम, दोनदा पाणी पिणारी पोरगी कोणती होय?" मी समीक्षाला बोलावलं. ती घाबरली. तो कूलरजवळ पायरीवर बसला आणि म्हणाला, "पी बरं, मले पाहू दे." ती पेला भरून प्यायली. मग त्यानं पेला विसळून स्वतः एक भरला आणि प्यायला. "खरंच थंड आहे बे," म्हणाला आणि उठून गेला. सरांना हे कळलं तेव्हा ते फार चिडले. पाहुणा आला आणि सत्काराशिवाय गेला. त्याच्या नावाची शाल काढून ठेवलेली, ती तशीच राहिली. भाचीला मी परवा फोनवर हीच गोष्ट सांगितली. आभार याहून वेगळे मानता येतात, असं मला तरी वाटत नाही.

इथवर सर नुसते हसण्याजोगे आहेत. पुढचं हसण्याजोगं नाही.

वेणा नदीच्या काठी सुधाकरभाऊंची भाजीपाल्याची वाडी होती. दोन एकर. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, सगळं बाजारात नवरा-बायको स्वतः बसून विकायचे. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी पाचवीपासून माझ्या वर्गात. हुशार, आणि मानी. कोणाची पेन्सिलसुद्धा उसनी घ्यायची नाही. ती सहावीत गेली त्या वर्षी आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि सुधाकरभाऊ पल्लवीचं नाव शाळेतून काढायला आले. मी त्यांना थांबवलं. संस्थेचे अध्यक्ष म्हातारे होते, भले होते, त्यांच्याकडे मी गेले आणि फी माफ करून आणली. सुधाकरभाऊंनी ऐकून हात जोडले. मग म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट आहे. पल्लवीले हे मालूम नाई पाह्यजे. तिले वाटते बाप फी भरते. तिले तसंच वाटू द्या."

मी म्हटलं, "भाऊ, माझ्या तोंडून भिंतीलाही कळणार नाही."

आणि त्या माणसानं काय केलं माहीत आहे? दर महिन्याला, पहिल्या आठवड्यात, शर्ट बदलून शाळेत यायचा. ऑफिसात जायचा, बाकावर दहा मिनिटं बसायचा, क्लार्कशी पाण्यापावसाचं बोलायचा आणि जायचा. पल्लवीच्या वर्गाच्या खिडकीतून ऑफिसचं दार दिसायचं. बाप फी भरायला आला, हे तिला दिसावं एवढ्यासाठी. ती खिडकीतून पाहायची आणि मग ताठ बसायची. मी शिकवता शिकवता ते पाहायची आणि फळ्याकडे वळायची. तीन वर्षं हे चाललं. पोहाणे सरांनाही ते दिसायचं. त्यांची खोली ऑफिसला लागूनच होती.

पल्लवी आठवीत असताना गॅदरिंगच्या दिवशी सकाळी सुधाकरभाऊ हातगाडीवर तीन कट्टे वांगी घेऊन आले. दुपारी सगळ्या मुलांचं जेवण होतं, वांग्याची भाजी, पोळी आणि बुंदी. कट्टे त्यांनी स्वयंपाक्याजवळ उतरवले. मला म्हणाले, "नाव गिव नका लिहू मॅडम. घरचे वांगे होय." त्यांना किती बरं वाटत होतं ते मला दिसत होतं. तीन वर्षं घेतलेल्या माणसाला एक दिवस द्यायला मिळालं होतं.

थोड्या वेळानं पोहाणे सर स्वयंपाकाची पाहणी करायला आले. कोवळी, काटेरी वांगी, देठं अजून ओली. सरांनी एक उचलून पाहिलं. "वांगे भारी आहेत. कोणाचे, मॅडम?"

आणि मी सांगितलं. कौतुकानं सांगितलं हो! "आपल्या पल्लवीच्या वडिलांनी दिले, सर, पण नाव नको म्हणतात." माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

"नाव काऊन नाई?" सर म्हणाले. "दान देल्लं आणि नाव नाई, असं नाई चालत. उद्या लोकं म्हणतीन, शाळेनं दाबलं." मग ते जरा थांबले. डोळे बारीक केले. "हा तोच ना, ज्याची फी माफ आहे?"

मी म्हटलं, "सर, ते कोणाला माहीत नाही. तिलाही नाही."

"हो, हो," सर म्हणाले. "तुम्ही कायले काळजी करता?"

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. हिंगणघाटात समुद्र नाही, पण गॅदरिंगला कोळीनृत्य लागतंच. आठ मुली हिरवी लुगडी नेसून स्टेजमागे उभ्या होत्या, पल्लवी पुढच्या जोडीत. मी स्टेजच्या बाजूला निवेदनाचे कागद घेऊन. सोफ्यावरचे झाले, शाली झाल्या. गादीच्या खुर्च्या झाल्या. मग सरांनी माइकला दोन टिचक्या मारल्या आणि माझ्या कागदावर नसलेलं बोलायला लागले.

"आता मला एका अशा पालकांचा ऋणनिर्देश करावयाचा आहे, ज्यांच्या कन्येस आपली संस्था गेली तीन वर्षे एक रुपयाही न घेता विद्यादान करीत आहे! अशा त्या गरीब पित्यानेही आज वांग्यांच्या रूपाने आपला खारीचा वाटा उचलला आहे. मग आपण जे समर्थ आहोत, त्यांनी किती द्यावे, याचा विचार करावा."

आणि नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. सुधाकरभाऊ मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून उभे होते. लोकांनी वळून पाहिलं. दोघांनी त्यांना धरून पुढे आणलं, पाठीवर थापा मारत, कारण सगळ्यांना वाटत होतं हा मोठा मान आहे. सरांनी त्यांना स्टेजवर घेतलं. सोफ्यावर नाही. सोफ्याच्या बाजूला उभं केलं आणि हातात श्रीफळ दिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण सर म्हणाले, "आणि त्यांची कन्या, कुमारी पल्लवी, हिनेही यावे."

पल्लवी हिरव्या लुगड्यात, केसात गजरा, डोक्यावर कोळणीची टोपली घेतलेली, तशीच आली. तिनं बापाकडे पाहिलं. सुधाकरभाऊंनी नारळाकडे पाहिलं.

"पल्लवी बाळ, संस्थेचे आभार मान."

ती म्हणाली, "धन्यवाद."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"धन्यवाद."

"अजून मोठ्यानं, बाळ! लाजतेस काय?"

तिसऱ्यांदा ती एवढ्या जोरात ओरडली की स्पीकर किंचाळला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी पाच पावलांवर होते. हातात कागद होते. मी पुढे होऊन माइक घेऊ शकले असते, दुसरं काहीही पुकारू शकले असते. मी तशीच उभी राहिले. कोळीनृत्य सात मुलींनी केलं. पुढच्या जोडीतली एक एकटीच नाचली, शेजारी रिकामी जागा ठेवून, कारण तिला जागा बदलायला कोणी सांगितलंच नाही.

कार्यक्रम संपायच्या आत सरांनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, "पल्लवी, तुझी वही पण फ्री आहे का गं?" मी त्या मुलीला बाकावर उभं केलं. काय उपयोग? ती ते ज्याच्याकडून शिकली, त्याला मी बाकावर उभं करू शकत नव्हते.

मी सरांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. ते कंगवा काढून केस नीट करत राहिले.

"तुम्हाले समजून नाई राह्यलं, मॅडम," ते म्हणाले. "मान देल्ला मी त्याले. त्याच्या खानदानात कोणी चढलं होतं का स्टेजवर? आणि सोफ्यावरच्या दोघायनं तिथंच रक्कम वाढवली, ते नाई पाह्यलं तुम्ही?"

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मान दिला. कपट करणाऱ्या माणसाला निदान कधीतरी आपलं कपट आठवतं. या माणसाला आठवायला काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी सुधाकरभाऊ टीसी काढायला आले. फी भरायला येताना घालायचे तोच शर्ट. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि स्टेजवरचा फोटो फ्रेम करून ठेवला होता तो पुढे केला. "हे घ्या, घरी लावा. बाकी टीसी कायले पाह्यजे? पोरगी तर फुकट शिकून राह्यली."

सुधाकरभाऊंनी फोटोला हात लावला नाही. थैलीतून ते श्रीफळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"सर," ते म्हणाले, "म्या वांगे देल्ले होते. पोरगी नोती देल्ली."

सरांना ते कळलं नसावं. सुधाकरभाऊ टीसी घेऊन बाहेर पडले तेव्हा मी दारात होते. मागे वळून पाहिलं, तर सर कपाटाची दोन्ही कुलपं उघडून ते श्रीफळ आत ठेवत होते.

फाटकापर्यंत मी सुधाकरभाऊंबरोबर चालत गेले. शेवटी म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं. मीच सांगितलं त्यांना."

ते थांबले. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मॅडम, तिनं घरी आल्यावर एकच गोष्ट इचारली. 'बाबा, मंग तुम्ही दर महिन्याले ऑफिसात जाऊन काय करत होते?'"

पल्लवी नगर परिषदेच्या शाळेत गेली. मी मात्र त्याच शाळेत राहिले, अजून दोन वर्षं. निवृत्तीच्या दिवशी पोहाणे सरांनी मला गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन मिनिटं बोलले. मी बसले. हातात श्रीफळ आलं तेव्हा मनात आलं, हे तेच तर नसेल? नारळ काही ओळखू येत नाही. घरी आणून मी तो फोडला नाही, नदीत सोडून दिला.

पुढे म्हातारे अध्यक्ष गेले, नवी मंडळी आली आणि त्यांनी सरांचं सचिवपद काढून घेतलं. मला आनंद झाला, लपवत नाही. निरोपसमारंभही झाला नाही म्हणतात. ते कपाट कोणाकडे गेलं, ठाऊक नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते याच हिवाळ्यात, आठवडी बाजारात. सुधाकरभाऊंच्या दुकानावर मी नेहमी जाते, पण उन्हं कलल्यावर, गर्दीत, पटकन घेऊन निघते. त्या दिवशी सुधाकरभाऊ नव्हते, पल्लवी बसली होती. उंच झाली आहे. कृषीच्या कॉलेजात आहे, सुट्टीत येते. मी रांगेत दुसरी होते आणि माझ्या पुढे क्रीम रंगाची सफारी.

केस तसेच काळेभोर. हातात मोठी नायलॉनची पिशवी. एकेक वांगं उचलून, दाबून, देठ पाहून ठेवत होते. "कीड नाई ना? मागच्या खेपी लय निंगाली." पल्लवीनं एकदाच वर पाहिलं आणि तराजूत वांगी टाकली. तिनं ओळखलं. त्यांनी नाही. ज्या मुलीला हजार माणसांपुढे तीनदा ओरडायला लावलं तिचा चेहरा त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हता.

त्यांनी पैसे दिले, तेही घासाघीस करून. मग पिशवी पुढे केली. "सांबार टाक ना थोडा."

तिनं सांबाराची मूठ पिशवीत टाकली. आमच्याकडे भाजी घेणाऱ्याला सांबार वरून, बिनपैशाचा घालायची रीतच आहे.

"अजून टाक."

तिनं दुसरी जुडी उचलली. हातात धरून ठेवली. मग अगदी हळू, त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सांबार फुकटचा आहे, सर. पण मी कोणाले सांगत नाई."

बाजाराचा कल्ला चालू होता. तरी मला ऐकू आलं, कारण मी कान देऊन होते. 'सर' म्हटल्यावर त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, ओळख पटते का ते पाहिलं, आणि पटली नाही.

"हो ना, फुकटचाच असते," पोहाणे सर म्हणाले. "मंग टाक की अजून." आणि त्यांनी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आणखी मोठं केलं.